दातामागची जागा

चूळ भरून तनुजा पुन्हा खुर्चीत टेकली आणि सवयीनं तिची जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागं गेली, तर तिथं नेहमीची भिंत नव्हती. जिभेचं टोक कुठंतरी आत, एका फटीत शिरलं, आणि फटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या, गुळगुळीत, अनोळखी कडा होत्या. तिनं जीभ मागं घेतली. परत नेली. लहानपणी जिन्यावरून अंधारात उतरताना एक पायरी जास्त धरली जाते आणि पाय जमिनीवर आपटतो, तसं झालं. आपला दात तुटला. दात साफ करायच्या यंत्रानं तुटला, आणि बाहेर आई बसली आहे. या दोन गोष्टी तिच्या मनात एकदमच आल्या, पण दुसरी पहिलीपेक्षा मोठी होती.

"मॅडम, माझा दात तुटलाय बहुतेक."

डॉक्टर सुलेखांनी मास्क खाली केला नाही, पण डोळ्यांवरून त्या हसल्या असाव्यात. त्यांनी हातातला आरसा तिच्याकडं दिला आणि दुसरा लहान आरसा तोंडात धरून दातांची मागची बाजू दाखवली. "तुटलेला नाही. दात आत्ता दिसतोय. इतके दिवस ज्याला तू दात समजत होतीस ते कीटण होतं." ट्रेमधल्या कापसावर त्यांनी चिमट्यानं एक तुकडा ठेवला. ज्वारीच्या दाण्याहून लहान, पिवळसर, एका बाजूनं दाताच्या आकाराचा खोलगट. तनुजानं तो बोटावर घेतला आणि उजेडाकडं धरला. कडेला थर दिसत होते. एकावर एक, बारीक, वर्षांमागून वर्षं बसलेले. ती शेंद्र्याच्या कारखान्यात पाण्याच्या लॅबमध्ये होती. बॉयलरच्या कापलेल्या नळ्यांमधले असेच थर ती रोज भिंगाखाली बघायची, खरवडून आम्लात टाकायची आणि बुडबुडे यायची वाट बघायची. "मी हे घेऊन जाऊ?" तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "लोक पडलेला दात मागतात. कीटण मागणारी तू पहिलीच."

मग पॉलिशची रबरी वाटी गरगरत दातांवरून फिरायला लागली, पुदिन्याच्या वासाची रवाळ पेस्ट ओठांच्या कोपऱ्यात साचली, आणि तनुजा वरच्या पांढऱ्या दिव्याकडं बघत त्या जागेचा विचार करत राहिली. अभ्यास करताना, बसमध्ये उभी असताना, कुणाचा राग गिळताना तिची जीभ तिथंच जाऊन टेकायची. ती जागा आपली नव्हतीच, लाळेतल्या क्षारांनी आणि जिवाणूंनी बांधलेली होती, हे तिला कळत होतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तिनं स्वतःच्या दातावरचा चिकट थर काडीनं काढून काचेवर पसरला होता आणि त्यातली वळवळ बघून सगळा वर्ग ओरडला होता. तो थर दोनदा ब्रश केला की जातो, पण जिथं ब्रश पोचत नाही तिथं त्याचा दगड होतो आणि दगड ब्रशनं निघत नाही, तो असा बसून काढावा लागतो, हेही तिला तेव्हापासून माहीत होतं. तरी ती आजवर कधी या खुर्चीत बसली नव्हती. दुखत नाही तोवर दाताच्या डॉक्टरकडं कोण जातं, असं गावी, पिशोरला सगळेच म्हणत आणि शहरात येऊन ती ते न म्हणताही तसंच वागत होती. आजही ती स्वतःसाठी आली नव्हती. तिला आधी बसवलं होतं. बाहेर बसलेल्या बाईनं.

सुरुवात संक्रांतीला झाली होती. ववसलेल्या सुगडातला उसाचा करवा आईनं उचलला, जरा वेळ हातात फिरवला आणि तनुजाच्या ताटात ठेवला. "खा तू." एवढंच. पण आईचं माहेर गंगापूरकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. ऊस सोलायला कोयता मागणाऱ्या माणसाला ती हसायची. दातानं साल धरून एका झटक्यात हातभर ओढून काढायची आणि पांढरा गर लहानग्या तनुजाच्या हातात द्यायची, आणि त्या गरावर आईच्या दातांचे दोन पुसट खळगे असायचे. त्या दातांना आता ऊस नको होता. तेव्हा तनुजाला बाकीचंही दिसायला लागलं. आई भाकरी दुधात कुस्करून खात होती. पेरूची फोड गालात ठेवून बाजूच्या दातांनी चावत होती. हसताना पदर तोंडाशी नेत होती, आणि हे बहुधा वर्षभर चाललं होतं. वर्षभर आपण एका घरात जेवतो आहोत आणि पाण्याचा जडपणा दोन दशांशांपर्यंत मोजणाऱ्या आपल्याला हे दिसलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

पहिल्या दिवशी दोघी नुसतं दाखवायला आल्या तेव्हा डॉक्टरांनी आईच्या दातांचा फोटो काढून पडद्यावर लावला. मागचे दात ठीक होते. खालचे पुढचे दोन हलत होते. हिरडी सुटून खाली गेली होती, आणि तिच्या मागोमाग कीटण मुळाकडं उतरलं होतं. "साफ करून घेतलं तर राहतील कदाचित," डॉक्टर म्हणाल्या, "नाही केलं तर जातील." तनुजाला ते 'कदाचित' आवडलं. ज्याला जेवढं माहीत आहे तेवढंच तो बोलतो आहे, असं तिला वाटलं. आईनं मात्र त्या वाक्यातून फक्त 'कदाचित' उचललं आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "बघ. त्यांना बी खात्री नाय."

मग मंजुळाबाईंचा विषय निघाला. पिशोरला शेजारी राहणाऱ्या मंजुळाबाईंनी कुठल्याशा शिबिरात दात साफ करून घेतले होते आणि पुढं त्यांचे दोन दात गेले. कीटणानंच धरून ठेवले होते, यंत्रानं ते काढलं आणि दात सुटले, असं साऱ्या गल्लीचं मत होतं.

"आई, कीटणानं दात धरलेले नसतात. कीटणामुळंच ते सुटतात."

"व्हय का? मग इतके वर्स कशे राहिले?"

"हळूहळू जातं ते."

"मग हळूहळूच जाऊ दे की. मशीन कशाला?"

आणि दोन दिवसांनी, पीठ मळता मळता, आपणहून: "आसं कर. आधी तू बस. तुझे नाय हालले तर मी बसते."

तनुजानं समजावून बघितलं. तिच्या दातांची आईच्या दातांशी तुलनाच होत नाही. तिच्या हिरड्या चांगल्या, वय वेगळं, तिनं कधी मिसरी लावली नाही. हा प्रयोगच चुकीचा आहे. आईनं परातीतला हात थांबवला आणि तिच्याकडं नीट बघून विचारलं, "मग माझ्याच दातानं माझ्या दाताची परीक्षा करू का?" दुसऱ्या दिवशी तनुजानं दोघींची वेळ घेतली.  

वाटी थांबली. पाण्याचा फवारा आला, थंड, आणि नव्या उघड्या कडांना लागून एक बारीक शिरशिरी कानापर्यंत गेली. चार-आठ दिवस राहील, डॉक्टर म्हणाल्या, मग जाईल. तनुजा मान हलवत होती, पण तिला बॉयलरवाला बिभीषण आठवत होता. मागच्या वर्षी जुन्या लाइनमधला थर आम्लानं धुऊन काढायचा ठरलं, तेव्हा करमाडहून सायकलवर येणारा तो म्हातारा ऑपरेटर तोंडातला तंबाखू एका गालात सरकवून म्हणाला होता, "मॅडम, हितं थर म्हंजीच पाइप हाय. काढाल तर गळंल." थर काढला. पाइप चार ठिकाणी गळला. मीटिंगमध्ये तनुजानं सांगितलं होतं की भोकं आम्लानं पाडलेली नाहीत, ती थराखाली आधीपासून होती, थरानं फक्त झाकली होती. ते खरंच होतं. पण पाइप तर गळला, बदलावा लागला, आणि बिभीषण चूक होता असंही कुणाला म्हणता आलं नाही. म्हणजे मंजुळाबाईंची गल्लीही अगदी चूक नव्हती. आईच्या दातांमागचा दगड निघाला की ते दोन दात जास्त हलतील. हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आईच्या माघारी, दाराशी, तनुजाला एकटीला. आईला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

आता बाहेर जायचं आणि 'बघ, माझे नाही हलले' म्हणायचं. तेवढ्यानं आई उठून आत येईल. चुकीच्या प्रयोगाचा बरोबर उपयोग. तनुजानं छातीवरचा निळा कागद काढला आणि घडी घालत, गरजेपेक्षा जास्त वेळ घालत, तिथंच उभी राहिली. जीभ पुन्हा त्या फटीत जाऊन आली. पाइपाला हिरडी नसते, तिच्या मनात आलं. पाइप मेलेला असतो. थर काढल्यावर पाइप काही करत नाही, आणि हिरडी करते. सूज उतरते, ती आकसते, दाताला धरते, जेवढं धरता येईल तेवढं. यात बिभीषणाचं आणि गल्लीचं चुकत होतं, आणि यातच ते 'कदाचित' बसलं होतं.

बाहेर टीव्ही आवाज बंद करून चालू होता. त्याच्याखाली आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, चांगलं लुगडं नेसून, पाठ भिंतीला न लावता. सकाळी तिनं मोरीत कितीतरी वेळ चुळा भरल्या होत्या. नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता, ड्रम तळाला गेला होता, आणि एरवी तांब्यासुद्धा निम्मा भरणारी आई दात साफ करायला जायचं म्हणून दात साफ करत होती. शेजारी गालाला उपरणं बांधलेला एक म्हातारा डोळे मिटून कण्हत होता.

"झालं?" आई उठलीच. कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन तिनं साबणानं हात धुतले, नीट पुसले, आणि तनुजासमोर येऊन उभी राहिली. "आ कर."

"आई, इथं?"

"मग कुठं? कर आ."

आईनं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ दुमडला आणि मान तिरकी करून बघितलं. गंगापूरच्या बाजारात नाना, म्हणजे आईचे वडील नानासाहेब, बैलाचा ओठ असाच दुमडायचे. आईनं हे तिला पुष्कळदा करून दाखवलं होतं, कधी तिच्यावर, कधी बोक्यावर. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळला. नानांनी ओठ सोडला की विकणाऱ्याला किंमत कमी करावीच लागायची, असं आई सांगायची. आता आईचा अंगठा एकेका दाताला टेकून पुढंमागं दाबत होता, सावकाश, एकही न गाळता. साबणाची चव येत होती. उपरण्यातल्या म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला.

"सहादाती हाय का जुळली, बाई?"

"जुळलीय, बाबा," आई मान न वळवता म्हणाली, "पर कामाची नाय."

म्हातारा हसला, आणि हसताना दुखलं म्हणून ओरडला. रिसेप्शनवरची मुलगी फोन कानाला लावून खाली वाकली. तनुजालाही हसू आलं, आईचा अंगठा तोंडात असताना. मग अंगठा त्या जागी आला आणि थांबला.

"हितं काय होतं?"

"कीटण."

"एवढं?" आईनं दात पुन्हा दाबला. हलला नाही. शेजारचा दाबला. तोही नाही. तिनं हात काढून घेतला, पदराला पुसला आणि खुर्चीत बसली. तनुजा तिच्या शेजारी बसली. आई समोर बघत म्हणाली, "नाय हालत."

"नाही."

इथं थांबता आलं असतं. आई उठायच्या बेतात होती, पिशवीचे बंद तिनं मनगटात घेतले होते. तनुजाची जीभ टेकायला जागा शोधत होती आणि जागा नव्हती.

"तुझे हलतील, आई."

आईनं तिच्याकडं बघितलं.

"आत्ता हलतात त्याच्यापेक्षा जास्त. दगड निघाला की थोडे दिवस जास्त वाटेल. मग हिरडी धरते. महिनाभर जातो."

"धरतेच का?"

"कदाचित."

आईनं पिशवीचे बंद मनगटावर घट्ट केले. टीव्हीवर कुणीतरी बिनआवाजाचं भाजी चिरत होतं. तनुजाला वाटलं, गेलं. आता आई उठेल आणि दाराकडं जाईल, आणि पुढच्या संक्रांतीला ताटात ऊसही नसेल. तिनं स्वतःला बजावलं की हे असंच सांगायला हवं होतं. पण बजावल्यानं बरं वाटलं नाही.

"मला ठाऊक हाय ते किती हालतात," आई म्हणाली. "रोज सकाळी जिभेनं दाबून बघते. दिवाळीला जेवढे होते त्याच्याहून जास्ती हालतेत." आणि मग, जरा आवाज उतरवून, "मंजुळाबाई परत गेलीच नव्हती दाखवायला. डॉक्टरनं बोलावलं तर म्हनली, आता काय करायचंय. मिसरी बी चालूच. मीच दिली की तिला, माझ्या डबीतनं."

"हे तू आधी नाही सांगितलंस."

"तू तरी हालतील म्हनून आधी कुठं सांगितलंस?" आई उठली. "पिशवी धर. डॉक्टरीण बोलंल का मला मिसरीवरनं?"

"बोलेल."

"बोलू दे."

आत तनुजा खुर्चीच्या पायथ्याशी उभी राहिली. आईची पावलं रेक्झिनवर आडवी पडली होती, टाचांच्या भेगांसकट, आणि बधिर करायची सुई टोचली तेव्हा पायाची बोटं आत वळली आणि तशीच राहिली. यंत्राची बारीक शीळ सुरू झाली. स्वतःच्या तोंडाबाहेरून ती वेगळी ऐकू येत होती, कमी भीतीदायक, एखाद्या लांबच्या गिरणीसारखी. डॉक्टर सुलेखा मध्येच थांबून हातानं, बारीक आकडीसारख्या हत्यारानं, हिरडीच्या खालून काढत होत्या. कापसावर तुकडे जमायला लागले. तनुजाचा पिवळा होता. हे काळे होते, मिसरीनं माखून काळे झालेले, कडक. तिनं वाकून बघितलं. यातही थर असणार. तिच्या शाळेची वर्षं, कॉलेजची वर्षं, बाबा आजारी, दवाखान्यात होते ते वर्ष, सकाळी चुलीपुढं बसून डाव्या तळहातावर मिसरी घेऊन एका बोटानं दातांवर फिरवत, बोलायचं टाळत बसलेली आई. कुणी काही विचारलं तर ती नुसती हुंकार द्यायची. ती वेळ तिची होती. तेवढीच होती बहुधा. तनुजाला त्या डबीचा आजवर राग होता. आता काळ्या तुकड्यांकडं बघताना तो नीटसा सापडेना.

आईनं चूळ भरली. लाल पाणी गेलं. "एवढं?" ती डॉक्टरांना म्हणाली.

"सुजलेल्या हिरडीचं आहे, मावशी. सूज उतरली की थांबतं. आज खालचे झाले, वरचे पुढच्या आठवड्यात. आणि मिसरी बंद."

"कमी करते."

"कमी नाही. बंद."

"बघू," आई म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिची जीभ तिथं गेली होती. तनुजाला ओठाआडून कळलं. आईच्या कपाळावर एक आठी आली, डोळे कुठंच बघेनासे झाले, हनुवटी जराशी पुढं सरकली; आणि तनुजाला वाटलं, तासाभरापूर्वी याच खुर्चीत आपला चेहरा अगदी असाच झाला असणार. ती जागा तिला आतून माहीत होती. दुसऱ्या माणसाला नेमकं काय जाणवतं आहे हे इतकं अचूक तिला कधीच कळलं नव्हतं.

"दाबून बघताय ना?" डॉक्टर म्हणाल्या. "तेवढं करू नका. हलतो का, हलतो का म्हणून रोज रेटलं तर हिरडी धरणार कशी?"

आईनं जीभ थांबवली. "मिर्चीचं रोप लावल्यावर हात लावत नाय आमी," ती सुन्न ओठानं, शब्द सांडत म्हणाली. "तसंच ना?"

"तसंच."

परतताना दोघी रिक्षात बसल्या. गजानन मंदिराच्या चौकातून पुढं आल्यावर तनुजाच्या लक्षात आलं की आपली जीभ मागच्या बाजूनं एकेक दात मोजत फिरते आहे, आणि शेजारी आईच्या गालातही काहीतरी हलतं आहे. दोघींची तोंडं मिटलेली आणि दोघींचे जबडे चाललेले. रिक्षावाल्या चाचांनी आरशातून दोनदा बघितलं.

"क्या खा रहे, अम्मा? हमकू बी देव."

"खाते नय भाई," आई म्हणाली, "जागा देखते."

"किधर उतरना? हौ बोलो ना, रोकतूं."

"ह्या जागा तोंड में हाय," आई म्हणाली, आणि हसली, आणि तनुजा इतकी हसली की चाचांनी मान हलवून आरसाच फिरवला.

मुकुंदवाडीच्या अलीकडं रसवंती लागली होती. आईनंच रिक्षा थांबवली. ओठ जागा झाला आहे, मी चिमटा काढून बघितलाय, म्हणाली. चरकाचे घुंगरू वाजत होते, चिपाडांचा आंबूस वास येत होता, उन्हात बाकडं तापलेलं होतं. "दोन, बिनबर्फाचे," तनुजानं सांगितलं. गोड प्यायल्यावर चूळ भरायची, हेही सांगितलं. आईनं पहिला घोट घेतला आणि गिळला नाही. तोंडात धरून ठेवला. तिचे डोळे बारीक झाले.

"मधनं येतंय," ती म्हणाली. "आधी वरनं वरनं यायचं. आता दाताच्या मधनं येतंय."

तनुजानंही घोट धरून बघितला. खरंच होतं. रस फटींतून जिभेच्या खाली उतरत होता, कोमट, गवताच्या वासाचा, आणि उघड्या कडांवर किंचित शिरशिरत होता. या चवीला किती वर्षं वाट नव्हती, कोण जाणे. अमुक इतका थर, तमुक इतकी उष्णता कमी, असं लॅबमध्ये लिहिता यायचं. इथं कशाला काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही आणि सुचावं असंही वाटलं नाही. उन्हात बरं वाटत होतं.

आईनं ग्लास बाकड्यावर ठेवला. "बघ बरं एकदा," ती म्हणाली आणि खालचा ओठ स्वतःच अंगठ्यानं दुमडून तोंड पुढं केलं.

दात स्वच्छ होते, लांबट दिसत होते, मध्ये फटी होत्या, हिरडी लालसर होती. ते दोन शेजारी शेजारी उभे होते. तनुजाचा हात वर गेला. दाबलं की कळेल, किती. आज किती आणि महिन्यानं किती, म्हणजे फरक काढता येईल. आजचा आकडा नसेल तर महिन्यानं काहीच सिद्ध होणार नाही. तिचा अंगठा आईच्या दातापासून बोटभर अंतरावर होता. मग तिनं तो ओढणीला पुसला, पुसण्यासारखं काही नसताना, आणि हात खाली घेतला.

"का?" आईनं ओठ सोडला. "नाना असते तर दाबून बघितल्याबिगर सोडलं नसतं."

"विकत घ्यायचा असेल तेव्हा बघतात ना गं. घरच्या बैलाचे बघायचे का ते?"

आई विचारात पडली. घुंगरू थांबले, रसवाल्यानं पिळलेलं चिपाड दुमडून परत चरकात घातलं, घुंगरू सुरू झाले.

"नाय," आई म्हणाली. "घरच्याचे कशाला बघत्यात?"

आणि तिनं ग्लास उचलून उरलेला रस तोंडात घेतला, आणि बराच वेळ गिळला नाही.